वावळाच्या पापड्या

फाल्गुन संपत आलाय. पुण्याजवळच्या माणमधल्या आमच्या गच्चीवर जुनं सुती पातळ पसरलंय आणि त्यावर तांदळाच्या पापड्या ओळीनं घातल्यात. अजून ओल्याच आहेत, बोट लावलं तर ठसा उमटतो. मी कोपऱ्यातल्या टोमॅटोच्या कुंडीला पाणी घालत असताना वरून काहीतरी भिरभिरत आलं. रुपयाएवढं, गोल, कागदासारखं पातळ आणि मधोमध एक फुगीर दाणा. ते नेमकं एका पापडीवर टेकलं आणि चिकटून बसलं. पापडीवर पापडी! पाठोपाठ दुसरी, तिसरी. आणि मग मला शिंका सुरू झाल्या. एक, दोन, पाच, सात.

पलीकडच्या गच्चीवरून आजी म्हणाल्या, "वावळाचं बी आहे ते. लहानपणी सोलून खायचो आम्ही. त्यानं कुठं शिंका येतात होय?"

आजींचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. त्या बियांनी शिंक येत नाही. पण वावळ अगदीच निर्दोष आहे का? नाही! ही पापडी दिसायला लागण्याच्या महिना-दीड महिना आधी त्याच झाडानं हवेत असं काही सोडलं होतं, की जे ना आजींना दिसलं, ना मला. त्या न दिसणाऱ्या वस्तूनं माझ्या नाकाच्या आत जे घडवलं, ते कळल्यापासून मला शिंकेचा राग कमी येतो आणि नवल जास्त वाटतं.

उन्हाळ्याचे हे दिवस बेगमीचे. पापड, कुरडया, सांडगे, वर्षाचा मसाला, वर्षाचे गहू. पावसाळ्याचे चार महिने ऊन मिळणार नाही, म्हणून आत्ताच सगळं वाळवून, निवडून, भरून ठेवायचं. पण बेगमी फक्त आपणच करतो असं थोडंच आहे? झाडंही करतात. आणि आपलं शरीर तर अशी बेगमी करतं, की तिच्यापुढे आपली डब्यांची मांडणी काहीच नाही.

आधी या दुखण्याच्या नावाचं बघू. इंग्रजीत त्याला 'हे फीवर' म्हणतात, म्हणजे वाळल्या गवताचा ताप. वाळल्या गवतानं तो होत नाही आणि त्यात ताप येत नाही. मग हे नाव कुठून आलं? १६ मार्च १८१९ रोजी लंडनमधल्या डॉक्टरांच्या एका सभेत जॉन बोस्टॉक यांनी एका रुग्णाची हकिकत वाचून दाखवली. दरवर्षी जूनमध्ये डोळे लाल होतात, खाजतात, शिंकांची सर येते, छाती आवळते आणि काही आठवड्यांनी सगळं आपोआप थांबतं. रुग्णाचं नाव त्यांनी नुसतं 'जे. बी.' असं दिलं. ते जे. बी. म्हणजे जॉन बोस्टॉक स्वतःच! असा त्रास आणखी कुणाला होतो का, याचा शोध त्यांनी पुढची नऊ वर्षं घेतला. किती जण सापडले असतील? सगळे मिळून अठ्ठावीस. आज एखाद्या सोसायटीच्या एका विंगमध्ये तेवढे निघतील.

बोस्टॉकना वाटलं, ही उन्हाची करामत. लोक म्हणायचे, कापलेल्या गवताच्या वासानं होतं. खरा गुन्हेगार पकडला तो मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरनं, आणि तोही स्वतःच्याच अंगावर प्रयोग करून. हातावर ओरखडा काढायचा, त्यावर गवताचे परागकण ठेवायचे आणि बघत बसायचं. काही वेळातच तिथं खाज सुटून गांध उठायची. आज ॲलर्जीच्या दवाखान्यात हाताच्या आतल्या बाजूला थेंब टाकून सुईनं टोचतात ना, ती चाचणी म्हणजे या ओरखड्याचीच नात. मग त्याला प्रश्न पडला, पराग हवेत किती उंच जातो? तर त्यानं पतंग उडवले. पतंगाला चिकट लेप लावलेल्या काचा बांधल्या आणि ते हजार फुटांच्याही वर चढवले. काचा खाली आणून सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजले, तर जमिनीलगत सापडले त्यापेक्षा वर जास्त! आपल्या डोक्यावरून परागाची नदी वाहत असते आणि आपल्याला पत्ता नसतो, हे १८७३ साली त्यानं पुस्तक लिहून जगाला सांगितलं.

ही नदी पकडण्याचं एक यंत्र आपल्या महाराष्ट्रातही तयार झालं, हे मला फार उशिरा कळलं. मराठवाड्यात हवेतल्या सूक्ष्म कणांचा अभ्यास उभा करणाऱ्या प्रा. एस. टी. टिळक यांनी १९७० च्या सुमारास एक साधं उपकरण बनवलं. पंखा हवा आत ओढतो, आत घड्याळाच्या गतीनं एक पिंप हळूहळू फिरतं आणि त्याच्यावरच्या चिकट पट्टीवर हवेतले कण तासागणिक चिकटत जातात. 'टिळक एअर सँपलर' या नावानं ते देशभर वापरलं गेलं. कुठल्या दिवशी, कुठल्या प्रहरी, कुठल्या झाडाचा पराग आणि कुठल्या बुरशीचे बीजाणू हवेत होते, याची वहीच जणू ती पट्टी लिहून ठेवते.

आता त्या कणाकडे जरा जवळून बघू. एका मिलिमीटरच्या रेघेत तीस-चाळीस कण शेजारी शेजारी बसतील, इतका तो लहान. त्याच्या आत झाडाचा पुरुषबीज घडवणारा ऐवज असतो, दोन किंवा तीन पेशींचा. बाहेरून एक कवच. आणि हे कवच कसलं म्हणता! स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं. सजीवांनी बनवलेल्या सगळ्यात चिवट वस्तूंपैकी ही एक. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खडकातला पराग शोधायचा असतो तेव्हा शास्त्रज्ञ तो खडक काच विरघळवणाऱ्या आम्लात टाकतात. खडक विरघळतो. पराग तसाच राहतो!

झाडानं इतकं भक्कम पाकीट कशासाठी केलं? कारण हा प्रवास बेभरवशाचा आहे. वावळासारखं झाड आपला पराग वाऱ्यावर सोडतं. पत्ता नाही, हमाल नाही. शेजारच्या झाडाच्या फुलावर तो पडेल याची शक्यता नगण्य, म्हणून सोडायचे ते अब्जांनी. आणि कधी सोडायचे? तर झाडाला पानं नसतात तेव्हा. वाटेत पानांचा अडथळा नको. पौष-माघात उघड्याबोडक्या फांद्यांवर वावळाला हिरवट-तपकिरी, बारीक, बिनपाकळ्यांची फुलं येतात. झाडाखालून रोज जाणाऱ्यालाही ती दिसत नाहीत. ही फुलं कुणाला दिसावीत म्हणून आलेलीच नसतात. वाऱ्याला डोळे कुठं असतात?

इथं आपल्या अंदाजाची पार उलटापालट होते. पळस पेटतो, सावर लालभडक होते, आणि आपण म्हणतो, "फुलांचा सीझन आला, आता माझं नाक सुरू." पण लाल रंग, मध, मोठी पाकळी हा सगळा खर्च झाड पाखरांसाठी आणि किड्यांसाठी करतं. अशा फुलांचा पराग जड आणि चिकट असतो. तो मैना-सूर्यपक्ष्यांच्या डोक्याला लागून जातो, आपल्या नाकापर्यंत सहसा येत नाही. सावरीच्या कापसाची 'म्हातारी' उडत आली की लोक नाकाला रुमाल लावतात. ती बिचारी नुसती बी घेऊन निघालेली असते. नाकाला छळतात ती साधी, ओळखही न ठेवावी अशी मंडळी: वावळ, वेडी बाभूळ, सुरू, तऱ्हेतऱ्हेचं गवत, नाल्याकडेचा एरंड. एरंडाची तर तऱ्हाच न्यारी. त्याच्या नरफुलातल्या परागाच्या पिशव्या सुकल्या की फटकन फुटतात आणि पराग अक्षरशः उडवला जातो.

बरं, मिरचीचं काय? डंकावरून मसाला कांडून आणला की घरभर ठसका लागतो, तीही ॲलर्जीच का? नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंवरच्या एका खास दारावर थाप मारतं. ते दार मुळात चटका कळावा म्हणून आहे, उष्ण वस्तूनं उघडणारं. मिरची त्या दाराला फसवते आणि मेंदूला वाटतं, नाकाला भाजलं. हे दार शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. मिरचीचा ठसका कुणालाही लागतो, पहिल्याच भेटीत लागतो आणि खिडकी उघडली की थांबतो. परागाचं तसं नाही. आणि का नाही, हाच या गोष्टीतला सगळ्यात अद्भुत भाग आहे.

परागाच्या पहिल्या भेटीत काहीही होत नाही! माणमध्ये नवीन राहायला आलेली कितीतरी माणसं सांगतात, "पहिली दोन वर्षं काही नव्हतं हो, तिसऱ्या वर्षी एकदम सुरू झालं." ती दोन वर्षं शरीर स्वस्थ बसलेलं नव्हतं. ते बेगमी करत होतं.

कण नाकात शिरतो. आत ओल असते. कणाला काय वाटतं? आपण फुलाच्या ओल्या टोकावर, मुक्कामाला पोचलो! फुलाच्या त्या टोकावर पडल्यावर तो भिजतो आणि काही मिनिटांत आपली प्रथिनं बाहेर सोडतो. पुढच्या वाटचालीची ती तयारी असते, आणि 'मी तुझ्याच जातीचा' ही ओळखही अशाच प्रथिनांनी पटवायची असते. नाकातही तो हेच इमानेइतबारे करतो. पण इथं ती ओळख ऐकायला फूल नाही, पहारेकरी आहेत. ते त्या प्रथिनाचा तुकडा उचलून जवळच्या गाठींमध्ये नेतात. तिथं काही माणसांच्या बाबतीत एक विचित्र निर्णय होतो: हा शत्रू आहे, याच्यासाठी खास हत्यार घडवा. ते हत्यार म्हणजे आयजी-ई नावाचं प्रतिपिंड.

रक्तात आयजी-ई किती असतं? नेहमीच्या प्रतिपिंडांच्या हजारो पटींनी कमी. इतकं कमी की ते सापडायला १९६६-६७ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पतिपत्नींनी ते शोधलं, आणि त्याच सुमारास स्वीडनच्या शास्त्रज्ञांनीही स्वतंत्रपणे. इशिझाका दांपत्यानं ॲलर्जीच्या रुग्णांच्या रक्तद्रवाचे वेगवेगळे अंश करून स्वतःच्याच त्वचेत टोचून घेतले, कुठल्या अंशानं गांध उठते ते बघायला. ब्लॅकलीचा ओरखडा पुन्हा एकदा!

पण रक्तात थोडं असलं तरी आयजी-ईचं खरं घर वेगळंच आहे. नाकाच्या, डोळ्यांच्या, फुप्फुसांच्या अस्तरात मास्ट नावाच्या पेशी असतात. पॉल एर्लिख यांनी १८७८ साली त्या रंगवून पाहिल्या तेव्हा त्या दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसल्या. त्यांना वाटलं, या खाऊन पुष्ट झाल्यात, म्हणून जर्मन भाषेतला पोसण्या-पुष्ट करण्याचा शब्द त्यांनी नावात घातला. खरं तर त्या पेशी खाऊन पुष्ट झालेल्या नसतात, भरून ठेवलेल्या असतात. एकेका पेशीत शेकडो दाणे, आणि दाण्यांत हिस्टामीन. माळ्यावर डबे लागावेत तसं. आयजी-ई या पेशीच्या अंगावर येऊन बसतं, एकेका पेशीवर हजारोंच्या संख्येनं, आणि आठवडेच्या आठवडे टिकतं. डबे भरलेले, कुलपं लावलेली, आणि किल्ली एकाच आकाराची: वावळाचा पराग.

मग पुढच्या माघात तो कण येतो. भिजतो, प्रथिन सोडतो, शेजारच्या दोन आयजी-ईंना एकदम पकडतो आणि डबे फुटतात. मिनिटांचा खेळ! हिस्टामीन मज्जातंतूंना चाळवतं, म्हणून खाज आणि शिंक. रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून पाणी आणि सूज. आणि हे एवढ्यावर थांबत नाही. त्या पेशी रक्तातल्या इतर पेशींना हाका मारतात. ती कुमक चार ते आठ तासांनी पोचते. म्हणून सकाळी गहू चाळले आणि नाक चोंदलं संध्याकाळी, असं झालं की आपण उगीच दुपारच्या ताकाला दोष देतो.

आणखी एक गोष्ट. हंगामाच्या सुरुवातीला शिंक यायला पुष्कळ पराग लागतो. रोजच्या माऱ्यानं अस्तर हुळहुळं झालं की नंतर चिमूटभरही पुरतो. त्यामुळे वावळाचा बहर सरल्यावर, बी झडायला लागल्यावर, मला गच्चीतल्या साध्या धुळीनं सात शिंका आल्या, त्यात आश्चर्य नव्हतं. पण बी दिसलं आणि आळ त्याच्यावर गेला.

पण शरीरानं इतकी भयंकर तयारी ठेवलीच कशाला? बहुतेक अभ्यासकांचं मत असं, की ही हत्यारं मुळात जंतांसाठी आहेत, आणि कदाचित विषारी दंशांसाठी. जंत एवढा मोठा, की त्याला गिळणारी पेशी नाही. मग त्याला धुऊन, शिंकून, ढकलून बाहेर काढायचं. शिंक, पाणी, खाज हे सगळं हाकलण्याचंच काम आहे. आता अनेकांच्या पोटात जंत राहिले नाहीत, कोठार मात्र भरलेलंच आहे.

१९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी सतरा हजारांहून जास्त ब्रिटिश मुलांची माहिती तपासली, आणि त्यांना दिसलं की ज्या मुलांना मोठी भावंडं जास्त, त्यांना हा त्रास कमी. नाकाला शेंबूड लावून घेत वाढलेली धाकटी पोरं सुखी! पुढं युरोपात गोठ्याजवळ वाढलेल्या मुलांबद्दलही असंच दिसलं. अमेरिकेत २०१६ साली दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. आमिश लोक घोड्यांनी शेती करतात, पोरंटोरं गोठ्यात लोळतात; हटराइट लोक मोठ्या यांत्रिक शेतांवर काम करतात, मुलं गोठ्यापासून लांब असतात. दोघांचे पूर्वज युरोपच्या एकाच भागातले, खाणंपिणं सारखं, पण आमिश मुलांमध्ये दमा आणि ॲलर्जी कितीतरी कमी. त्यांच्या घरातल्या धुळीत गोठ्यातल्या जिवाणूंचे अंश जास्त होते. ब्लॅकलीनंही दीडशे वर्षांपूर्वी हेच कोडं टिपून ठेवलं होतं: शेतकरी सगळ्यात जास्त पराग श्वासात घेतो, मग आजारी शहरी माणूसच का पडतो?

हे वाचलं तेव्हा मला माण डोळ्यांसमोर आलं. गावठाणात अजून गोठे आहेत, शेणानं सारवलेली अंगणं आहेत. आणि तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्याच्या काचेच्या इमारती आणि मजल्यांवर मजले. पलीकडच्या आजी लहानपणी वावळाखालीच खेळल्या, म्हशीच्या पाठीवर बसल्या. त्यांना शिंक येत नाही. एका आजींवरून शास्त्र होत नाही, पण त्यांच्याकडे बघताना मला दर वेळी ते गोठे आठवतात.

आणि या परिसरानं तर हे फीवरच्या इतिहासात एक पान स्वतःच्या नावावर लिहून ठेवलंय. गाजर गवत! मेक्सिकोच्या आखाताकडची ही वनस्पती भारतात पसरू लागलेली पहिल्यांदा टिपली गेली ती पुण्यात, १९५० च्या दशकात. आर. एस. राव यांनी १९५६ साली तिची नोंद प्रसिद्ध केली. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हातून ती आली, असं आपण घरोघरी ऐकत आलोय आणि 'काँग्रेस गवत' हे नावही त्यातूनच पडलं म्हणतात. कुणी म्हणतं, पांढऱ्या फुलांच्या टोपीवरून. मला तारखा जुळवून बघायची सवय आहे. त्या कायद्याखाली भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, आणि रोपटं तर पुण्यात आधीच दिसलं होतं. अमेरिकी गहू १९५१ पासून येत होता, तेव्हा गव्हाबरोबर आलं हे शक्य आहे. पण पीएल-४८० वरचा आळ मला तरी पटत नाही.

एका झाडाला हजारो बिया, आणि उकरलेल्या जमिनीवर त्याचं विशेष प्रेम. जिथं माती हलली तिथं ते आलं. आता माणचा विचार करा. भाताची खाचरं गेली, प्लॉट पडले, रस्ते झाले, शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोचं टोक आणि डेपो इथंच. दहा-पंधरा वर्षं इथली माती स्थिर बसलीच नाही. गाजर गवताला याहून चांगलं माहेर कुठलं? पावसाळ्यात रिकामे प्लॉट पांढरेशुभ्र होतात. उन्हाळ्यात ते वाळतं, पण गळक्या टाकीखाली, सांडपाण्याच्या कडेला आणि आपण प्रेमानं पाणी घालतो त्या बागेत फाल्गुनातही हिरवं राहून फुलतं. त्याच्या परागानं नाक वाहतं. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या अभ्यासात तपासलेल्या लोकांपैकी सुमारे ७ टक्क्यांना त्यानं त्रास होत होता. शिवाय त्यातलं पार्थेनिन त्वचेला लागलं की पापण्या, मान, कोपराची वळणं इथं पुरळ उठतं. पुण्यातल्या अशा रुग्णांबद्दल लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांनी १९७४ मध्येच लिहून ठेवलंय.

म्हणून बागेत माझा पहिला नियम हाच: गाजर गवत फुलायच्या आधी उपटायचं. आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवलं की सकाळी मुळासकट सुटतं. नुसतं वरून तोडलं तर पुन्हा फुटतं. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकाला मास्क, डोळ्याला चष्मा. फूल नसेल तर कंपोस्टमध्ये जातं, फूल असेल तर नाही. आणि जिथं उपटलं तिथं पावसाच्या तोंडाला टाकळ्याचं बी फेकायचं. हो, आपण ज्याची पावसाळ्यात भाजी करतो तोच टाकळा. तो दाट उगवतो आणि गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. तण मारायला भाजी पेरायची, याहून सुंदर युक्ती मला माहीत नाही.

कुंड्यांत मोगरा, जास्वंद, गोकर्ण खुशाल लावा. त्यांचा पराग हवेत उधळत नाही. मोगऱ्याच्या उग्र वासानं कुणाचं नाक चुरचुरत असेल तर तेवढं लांब ठेवावं. कंपोस्ट उलथताना मात्र सावध. कोरडं कंपोस्ट हलवलं की बुरशीचे बीजाणू धुरासारखे उठतात. आधी पाणी शिंपडायचं, मग हात घालायचा.

बेगमीच्या कामांतही हेच. पापड्यांना ऊन हवं, ते टाळता येत नाही. पण वर मलमलीचं फडकं टाकता येतं, आणि घालण्या-काढण्याचं काम ज्याला त्रास नाही त्याच्याकडे देता येतं. गेल्या वर्षीच्या गव्हाचा डबा रिकामा करताना तळाशी जी भुरभुरीत धूळ असते, तिच्यात धान्यातले अतिसूक्ष्म जीव असतात, डोळ्यांनी न दिसणारे, आणि नाकाला ते परागाइतकेच नकोसे. तो डबा घरात झटकू नये, ओल्या फडक्यानं पुसावा, मग उन्हात ठेवावा. गहू पाखडणाऱ्यानं वाऱ्याकडे पाठ करून बसावं, हे आजींनी मला शिकवलं. उशांचे अभ्रे आणि चादरी या दोन महिन्यांत गच्चीवर वाळत घालत नाही. दिवसभर पराग वेचलेली चादर, आणि रात्री आपण तिच्यात तोंड खुपसणार! केसांचंही तेच, झोपायच्या आधी डोक्यावरून आंघोळ केली की दिवसभराची नदी वाहून जाते. मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, आपली जुनी जलनेती, खरंच उपयोगी पडते; पाणी मात्र उकळून गार केलेलंच घ्यायचं, नळाचं तसंच कधीही नाही.

औषधाचं एवढंच सांगते. हिस्टामीन अडवणारी गोळी डबा फुटल्यावर कामाला लागते. जुन्या गोळ्या मेंदूत शिरून झोप आणतात, नव्या त्या मानानं कमी. पण डॉक्टर नाकात मारायचा जो स्टिरॉइडचा फवारा देतात, तो मुळात कुमक बोलावण्याच्या कामातच अडथळा आणतो. त्याला पूर्ण गुण यायला दिवस लागतात, म्हणून तो हंगामाच्या आठवडा-दोन आठवडे आधी सुरू करायचा असतो. मृग लागल्यावर कुणी पापड घालायला बसतं का? तसंच हे. आणि लंडनच्या लेनर्ड नून यांनी तर १९११ मध्येच परागाचाच अगदी थोडा थोडा डोस टोचत शरीराची समजूत घालण्याची पद्धत काढली. ती आजही वापरात आहे, तीन-एक वर्षांच्या चिकाटीची आहे. छातीत घरघर होत असेल, दम लागत असेल, तर मात्र घरगुती काही करत न बसता डॉक्टरांकडे जावं.

त्याचं एक विशेष कारण आहे, आणि ते वळवाशी जोडलेलं आहे. आपल्याला वाटतं, पाऊस आला की हवा धुऊन निघाली. बहुतेकदा तसं होतंही. पण २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नवर गवताच्या हंगामात वादळ आलं आणि काही तासांत हजारो माणसं श्वास अडकून दवाखान्यांकडे धावली. दहा जण दगावले. दवाखान्यांकडे धावलेल्यांतल्या बऱ्याच जणांना आधी कधी दमा नव्हता, फक्त शिंका होत्या. असं का झालं? पराग एरवी इतका मोठा असतो की नाकातच अडकतो, फुप्फुसात खोल जात नाही. वादळाच्या दमट हवेत तो पाणी पितो, फुगतो आणि फुटतो. खडक विरघळवणाऱ्या आम्लाला न जुमानणारं ते पाकीट पाण्यानं फुटतं! एकेका कणातून शेकडो सूक्ष्म तुकडे, आणि वादळाआधीचा थंड झोत ते जमिनीलगत लोटतो. म्हणून ज्यांना परागानं धाप लागते त्यांनी पहिल्या वाऱ्याच्या सोसाट्यात बाहेर न थांबता खिडक्या लावून घरात बसावं.

आणि वळीव आला की आपण काय करतो? बरोबर. गच्चीकडे धावतो.

मग एका दुपारी चार वाजता मुळशीच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि धुळीचा लोट उठला. मी मास्क बांधून जिना चढेपर्यंत आजी त्यांच्या गच्चीवर पोचल्या होत्या. "आधी कुरडया उचल गं, पापड्या वाळल्यात!" पातळाची चार टोकं धरून सगळं गोळा केलं आणि दार लावलं, तोवर थेंब टपटपायला लागले. खाली येऊन पापड्या निवडायला बसले. ज्या पापडीवर वावळाचं बी चिकटलं होतं ती हातात आली. बी नखानं अलगद सोडवलं. खाली त्याचा पूर्ण ठसा उमटला होता, गोल कडा, मधला दाणा, दाण्यापासून निघालेल्या बारीक शिरांचं जाळंसुद्धा. ती पापडी मी त्याच संध्याकाळी तळली. तेलात ती तिप्पट फुलली, आणि ठसाही तिच्याबरोबर फुलला.